नवं कार्ड महाग का, दाजी?

ती. दाजींना,

दुकानातल्या भुशासकट साष्टांग नमस्कार. (भुसा खरोखरच लागला असेल पत्राला. झटकून वाचावं, फक्त ताईच्या गादीवर झटकू नये. ती तुम्हाला काही म्हणणार नाही, मला फोन करून बोलेल.)

तुमचा गुडघा कसा आहे? ताई सांगत होती की डॉक्टरांनी जिना चढायची मनाई केल्यापासून तुम्ही पूर्वीपेक्षा जास्त वेळा गच्चीवर जाता. दाजी, असं करू नका. गुडघा म्हणजे बिजागरी. एकदा खिळखिळी झाली की कितीही तेल घाला, कुरकुरतेच. इकडे माझी कंबर ठीक, हिचं डोकं ठीक (म्हणजे दुखायचं थांबलं, एवढाच अर्थ), आणि खारूही ठीक. खारूबद्दलच लिहायचंय. म्हणजे खारूबद्दल नाही, एका किमतीबद्दल लिहायचंय. फोन का नाही केला म्हणाल, तर आमच्या घरात फोनवर एक बोलतो आणि बाकीचे भाजी निवडायचं सोडून ऐकतात. म्हणून दुकानाचं दार ओढून घेऊन, रंध्याच्या बाकावर कागद ठेवून लिहितोय.

तुम्ही उभी हयात कारखान्याच्या खरेदी खात्यात काढलीत. साध्या स्क्रूपासून बॉयलरपर्यंत सगळं घासाघीस करून घेतलंत. लग्न ठरायच्या वेळी तुम्ही आमच्या वडिलांशी दोन तास फक्त माझ्या दुकानातल्या करवतीच्या किमतीवर बोललात, हे ताई अजून सांगते. तेव्हा आता एवढंच सांगा, की कॉम्प्युटरचा एखादा भाग बाजारात नवा येतो तेव्हा एवढा महाग का असतो? आणि तोच भाग, तेच खोकं, तेच स्क्रू, काही महिन्यांनी स्वस्त का होतो? त्याला वाळवी लागते का? माझं डोकं चालेनासं झालंय.

झालं असं. तुम्हाला माहीतच आहे, आमची खारू (लहानपणी लाकडाचे तुकडे खिशात भरून घरी आणायची, म्हणून खारू, आता मोठी झाली तरी नाव काही सुटलं नाही) माझ्या गिऱ्हाइकांना कॉम्प्युटरवर स्वयंपाकघरं काढून दाखवते. पूर्वी मी प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलने काढून दाखवायचो. गिऱ्हाईक हो हो म्हणायचं आणि कपाट लागल्यावर खालच्या आवाजात विचारायचं, हे असं होणार होतं का? आता खारूच्या पडद्यावर सगळं आधीच दिसतं, त्यामुळे भांडणं आधीच होतात, आणि फळ्या वाचतात. पण आता तिला नुसतं कपाट काढायचं नाही. तिला अख्खी खोली करायची आहे, जिच्यात माणूस फिरू शकेल, खिडकीतून ऊन येईल आणि ते ऊन जमिनीवरून सरकत जाईल. लांबच्या एका शहरात सिनेमाचे सेट बनवणारा एक मोठा स्टुडिओ आहे. ते मोजक्या मुलांना दोन वर्षं शिकायला घेतात. त्यासाठी या महिनाअखेरच्या आत स्वतः केलेल्या खोलीची छोटी फिल्म पाठवायची. ती पाठवली तर निवड व्हायची आशा, नाहीतर बसा पुढच्या वर्षापर्यंत. आणि आमचा कॉम्प्युटर इतका म्हातारा झालाय की खोलीचा एक कोपरा वळवायला लागला की तेवढ्यात माझी एक बिजागरी बसवून होते. त्याचा पंखा असा घरघरतो की शेजारीण विचारते, घरीही रंधा मारता का हो?

खारूचं म्हणणं, सगळा कॉम्प्युटर बदलायला नको, एक नवं ग्राफिक्स कार्ड घातलं की काम होईल. चित्रं हलवणारा भाग तो. आकाराने आपल्या ड्रॉवरच्या पुढच्या फळीएवढा, आणि किंमत ऐकाल तर तुम्ही बसलेल्या जागी उभे राहाल (गुडघ्यासकट). मुलीने पुढे जावं, लांब जावं, शिकावं, माझं त्याला काहीएक म्हणणं नाही. उलट आनंदच आहे. मुद्दा फक्त किमतीचा आहे.

आता माझी अडचण समजून घ्या. आपल्या लाकडाच्या धंद्यात सगळं उलटं असतं. ओलं, ताजं कापलेलं लाकूड स्वस्त. ते सावलीत रचून ठेवायचं, वाळू द्यायचं, मुरू द्यायचं. जितकं जुनं तितका भाव. जुन्या घराचा खांब निघाला की आम्ही सुतार लोक तिथे मुंग्यांसारखे जमतो. त्यामुळे मी पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो, तेव्हा भोळेपणाने म्हणालो, की मला नवीन नको, चांगलं मुरलेलं कार्ड दाखवा. दुकानदार (गोरागोमटा, चष्मा डोक्यावर, बोलताना सतत कशाची तरी वायर गुंडाळणारा) माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने कपाटाच्या तळातून एक कार्ड काढलं, फुंकर मारली, धूळ माझ्या डोळ्यांत गेली. म्हणाला हे घ्या, भरपूर मुरलंय. खारू लाजून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

त्यानेच मला पहिला खुलासा दिला. म्हणाला, नवा माल कारखान्यात पहिल्यांदा करायला घेतात तेव्हा निम्मे तुकडे बिघडतात. जे नीट निघतात त्यांच्यावर बिघडलेल्यांचा खर्च चढतो. शिवाय पाच वर्षं इंजिनियर लोकांनी डोकी झिजवलेली असतात, त्यांचे पगार. शिवाय माल थोडा आणि घेणारे फार. पुढे हात बसतो, बिघाड कमी होतो, नवा स्पर्धक येतो, हौशी लोकांचं घेऊन होतं, मग भाव उतरतो. मी मान डोलावली. दुकानातून बाहेर पडेपर्यंत सगळं समजलेलं होतं. कोपऱ्यावर येईपर्यंत काही समजलेलं नव्हतं. कारण बिघडलेले तुकडे त्यांचे, पगार त्यांचे इंजिनियर घेणार, आणि पैसे माझे? माझ्या हातून फळी बिघडली तर मी गिऱ्हाइकाकडे मागतो का? (हे वाक्य लक्षात ठेवा. यामुळे मी पुढे तोंडघशी पडलो.)

तर ते नवं कार्ड बाजारात येण्याच्या दिवशी मी दुकानावर गेलो. नुसता बघायला, बरं का. शटर अजून अर्धंच वर होतं आणि बाहेर ही रांग! लोक फुकट वाटत असल्यासारखे उभे होते. आणि सगळ्यांत पुढे कोण, तर आमचे दातांचे डॉक्टर. यांच्याकडे मी सध्या स्वयंपाकघराचं काम करतोय. त्यांना नवं काही निघालं की पहिल्या दिवशीच लागतं, मग ते फोन असो की घासणी. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, थांबा की जरा, स्वस्त होईल. तर ते हसून म्हणाले, आमच्यासारख्यांनी आधी जास्त पैसे मोजले नाहीत तर तुमच्यासारख्यांना नंतर स्वस्त कसं मिळणार? दाजी, मला अगदी भरून आलं. हा गृहस्थ स्वतःच्या खिशातून माझ्या खारूसाठी भाव उतरवतोय! त्या भरात मी त्यांना स्वयंपाकघरातल्या सगळ्या खणांच्या मुठी फुकट देऊन टाकल्या. घरी आल्यावर हिने विचारलं, कार्ड आणलंत? मी म्हटलं, नाही, पण मुठी गेल्या. ही काही बोलली नाही. ही काही बोलत नाही तेव्हा मी दुकानात जेवतो.

मग ते टेबलाचं प्रकरण झालं. मी एक नवीन टेबल काढलंय. भिंतीला टेकलेलं असतं, उघडलं की लिहायचं टेबल, मिटलं की नुसती फळी. पहिला नग डॉक्टरांच्या दवाखान्यात लावला. दुसरा त्यांच्या बहिणीच्या घरी, आणि तिला बराच कमी भाव लावला. डॉक्टरांना ते कळलं. माणूस तापला! मी त्यांच्याच खुर्चीत, तोंड उघडून (दाढ दुखत होती, त्याच वेळी दाखवून घ्यावी म्हटलं), आणि ते माझ्या तोंडावर तो आरसा धरून विचारतायत, की माझ्याकडून जास्त का घेतले? तोंडातला कापूस काढल्यावर मी सांगायला लागलो. अहो डॉक्टर, पहिला नग करताना दोन फळ्या बिघडल्या. बिजागरी कुठे बसवायची हे तीनदा चुकलं. मापाचा फर्मा बनवायला आठवडा गेला. आता फर्मा तयार आहे, हात बसलाय, दुसरं टेबल झटक्यात होतं. आणि बोलता बोलता मीच चमकलो. कारण हे मी बोलत नव्हतो, तो वायर गुंडाळणारा दुकानदार बोलत होता! तेच शब्द, तोच सूर, फक्त वायरच्या जागी माझ्या हातात कापूस.

डॉक्टर निवळले. मोठ्या मनाचा माणूस. म्हणाले, जाऊ दे. बहिणीला टेबल स्वस्त मिळालं खरं, पण ती इतके महिने मांडीवर पाटी घेऊन लिहीत होती, मी टेबलावर लिहीत होतो. ते महिने मला मिळाले, त्याचेच जास्तीचे पैसे. आणि पुन्हा कापूस कोंबला. दाजी, मी घरी येईपर्यंत त्याच वाक्याचा विचार करत होतो. म्हणजे नवं महाग असतं ते वस्तूमुळे नाही, महिन्यांमुळे? मग हे महिने येतात कुठून, विकतं कोण, आणि ज्याने घेतलेच नाहीत त्याचे जातात कुठे? खरेदी खात्यात तुम्ही कधी महिने विकत घेतलेत का? पावती कशी करतात त्याची?

बरं, एवढं करून किंमत सरळ उतरेल तर शपथ. मी दर आठवड्याला त्या दुकानात चक्कर मारतो. (मी दिसलो की दुकानदार हल्ली कपाळावर हात मारतो. का ते माहीत नाही.) पहिल्या आठवड्यात तीच किंमत. दुसऱ्या आठवड्यात चढली! मी म्हटलं, अहो, हे कार्ड शिळं होत चाललंय आणि भाव वर? तर म्हणे माल संपला, मागणी वाढली. पुढे माल आला, भाव उतरला. मग खरंच बराच उतरला, आणि मी घरी धावत आलो. तर ही म्हणाली, आणखी थोडं थांबा, आणखी उतरेल. दुकानदार म्हणाला, पुढच्या सालात याच्यापेक्षा दुप्पट वेगाचं येतंय, तेव्हा हे मातीमोल होईल. ही म्हणाली, मग ते नवं जुनं होईपर्यंत थांबा. मी म्हटलं, तेव्हा त्याच्यापेक्षाही नवं येईल. ही पोळी उलटवत म्हणाली, बघा, म्हणजे सगळ्यांत स्वस्त कार्ड ते, जे कधी घेतलंच नाही. आणि हसली. दाजी, त्या हसण्याचाही अर्थ मला लागला नाही.

मधल्या काळात मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. जुना कॉम्प्युटर फार आवाज करतो आणि खारूला त्रास होतो, म्हणून मी त्याच्यासाठी एक सुंदर सागवानी कपाट केलं. चारही बाजूंनी बंद, कोपऱ्यांना एकात एक गुंतवलेले दात, मेणाचं पॉलिश, स्क्रू एकही नाही. आत कॉम्प्युटर ठेवला, झाकण लावलं. आवाज एकदम बंद! मी शेजारणीला बोलावून दाखवलं. तासाभराने कॉम्प्युटरही बंद. आत गुदमरून तापला होता बिचारा, हात लावला तर चटका. खारूने त्या दिवशी केलेलं सगळं काम गेलं. खोलीची अख्खी खिडकी गेली, दाजी, उन्हासकट. मला वाटलं आता पोरगी बोलेल, रडेल, माझ्यावर ओरडेल. तिने कॉम्प्युटर बाहेर काढला, कपाटाच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, बाबा, काम मात्र झकास झालंय. आता त्यात कांदे-बटाटे असतात आणि ते छान टिकतात. त्या दिवसापासून तिने कार्डाचं नाव काढलं नाही. मला वाटतं, माझं भावाचं म्हणणं तिला पटलं असावं. मी जेवताना रोज थोडं थोडं समजावतो, ती मान खाली घालून ऐकते, ही पाणी प्यायला आत जाते.

तेव्हा दाजी, तुम्ही मोठे आहात, खारू तुमचा शब्द मानते. तिला एक चार ओळींचं पत्र टाका. म्हणावं, बाळ, नवा माल कधीही पहिल्या भावाला घेऊ नये, तुझे बाबा म्हणतात ते व्यवहाराला धरून आहे, एखादं वर्ष थांबलं तर काही बिघडत नाही, स्टुडिओ कुठे पळून जात नाही. तुमच्या त्या खरेदी खात्याच्या भाषेत लिहा, म्हणजे वजन पडेल. ताईला नमस्कार. तिने पाठवलेला स्वेटर मला होतो. (फक्त हात वर करता येत नाहीत.)

तुमचा,
मेहुणा

ता. क. – वरचं पत्र खारूला लिहू नका. काहीच लिहू नका. थोडं खरं सांगायचं राहिलंय. मी त्या दिवशी रांगेत नुसता बघायला उभा नव्हतो. डॉक्टरांच्या मागे तिसरा होतो. नंबर आला, किंमत ऐकली, एक पैसाही कमी करायला सांगितला नाही आणि कार्ड घेऊन बाहेर आलो. तुमचा मेहुणा, दाजी! घासाघीस न करता! पिशवी पोटाशी धरून चाललो होतो, कधी एकदा पोरीच्या हातात देतो असं झालं होतं. आपल्या दुकानाच्या दारापर्यंत आलो आणि मनात आलं, की हे दिलं की ती खोली पुरी होणार, फिल्म जाणार, आणि ही पोरगी इतकी हुशार आहे की तिला घेणारच. मग संध्याकाळी दुकानात येऊन, बाकावर चढून बसून, आज काय केलंत बाबा, असं विचारायला कोण येणार? उद्या देऊ म्हटलं. खोकं भुशाच्या पोत्यामागे ठेवलं. मग दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हटलं. किमतीचा सगळा अभ्यास त्यानंतरचा आहे. दुकानदार कपाळावर हात मारतो तो यासाठी, की कार्ड घेऊन गेलेला माणूस दर आठवड्याला येऊन त्याचाच भाव विचारतो. डॉक्टर ते महिन्यांचं बोलले तेव्हा माझी दाढ दुखायची थांबली आणि दुसरंच काहीतरी दुखायला लागलं. मी तिच्यासाठी महिने विकत घेतले आणि पोत्यामागे कोंडून ठेवले, दाजी. लाज वाटते. तुम्ही या रविवारी या, आणि तुम्ही आणलंय म्हणून तिला द्या. मी दिलं तर माझ्या तोंडावरून तिला सगळं कळेल. महिनाअखेरीला अजून चार दिवस आहेत, वेळ गेलेली नाही.

ता. क. २ – पाकीट चिकटवायच्या आधी खोकं काढून पुसून ठेवावं म्हटलं, तर हातात हलकं लागलं. उघडलं. आत कार्ड नाही! मी घाम पुसत घरी गेलो, म्हटलं चोरी झाली, आणि मोठ्याने म्हणायचीही सोय नाही. ही शांतपणे म्हणाली, चोरी कसली, खारूला पॉलिश पेपर शोधताना सापडलं, त्या कपाटाच्या प्रकारानंतर. तिने ते त्याच दिवशी आत बसवलं. म्हातारा कॉम्प्युटर बाहेरून तसाच दिसतो, मला काय कळणार? खोली पुरी झाली, फिल्म गेली, स्टुडिओवाले फिल्म येईल तशी लगेच बघतात म्हणे, आणि परवा त्यांचा निरोपही आला. घेतलंय तिला. पुढच्या महिन्यात जायचंय. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? तर ही म्हणाली, ती म्हणत होती, बाबांनी आणलंय ना, त्यांना स्वतःच्या हाताने द्यायचं असेल, थांबू या. (आणि माझं जेवतानाचं भावावरचं भाषण ऐकायला हिला मजा येत होती, असंही म्हणाली.) म्हणजे मला वाटत होतं की कोणाला काही माहीत नाही, आणि घरात ज्याला काही माहीत नव्हतं असा एकटा मीच होतो.

आतल्या खोलीत गेलो तर ती पडद्यावर कसलीतरी खिडकी सरकवत होती. मी म्हटलं, कार्ड बरं चालतंय ना? ती म्हणाली, मस्त चालतंय बाबा. मग दोघंही पडद्याकडे बघत बसलो, कारण एकमेकांकडे बघायची सोय नव्हती.

ता. क. ३ – तेव्हा रविवारी येऊ नका. पुढच्या महिन्यात ती निघेल त्याच्या आदल्या दिवशी या, ताईला घेऊन. जिना मी तुम्हाला धरून चढवीन. सामान मी उचलीन, गाडीतही मीच ठेवीन, ते सगळं मला जमतं. गाडी हलली की मात्र माझ्या शेजारी उभे राहा, आणि काहीतरी बोलत राहा. किमतीबद्दल बोललात तरी चालेल.